जोसेफ पिलाटेस आणि त्याची व्यायामपद्धति

आमच्या रस्त्यावर पूर्वीं जेथें पिठाची गिरणी होती, त्या जागेवर अलीकडे एक व्यायामगृह झालें आहे. आंत वजनांचे गोळे नाहींत, आखाड्याची तांबडी माती तर नाहींच. लाकडी पलंगासारखीं दिसणारीं कांहीं यंत्रें, त्यांना जोडलेल्या स्प्रिंगा आणि जमिनीवर अंथरलेल्या पातळ गाद्या, एवढाच सरंजाम. पाटीवर नांव आहे ‘पिलाटेस’. शेजारपाजारच्या सुना-मुली त्याला ‘पिलाटीज’ म्हणतात, आणि त्यांच्या सासवाहि आतां पाठदुखीसाठीं डॉक्टरांच्या सांगण्यावरून तेथें जाऊं लागल्या आहेत. एका गृहस्थांनीं मला विचारलें, “मास्तर, हें आपल्या योगासनांचेंच विलायती बारसें ना?” दुसऱ्यांचें मत असें कीं, नटनट्यांनीं काढलेलें हें एक नवें खूळ आहे. दोघांचेंहि म्हणणें इतिहासाला धरून नाहीं. पिलाटेस हें एका जर्मन माणसाचें आडनांव आहे. त्याच्या पद्धतीला शंभर वर्षें होऊन गेलीं, आणि तिच्या जडणघडणींतला महत्त्वाचा काळ एका बंदिवानांच्या छावणींत, कांटेरी तारेच्या कुंपणाआड गेला आहे. त्या माणसाची आणि त्या पद्धतीची हकीकत आज सांगावयाची आहे.

जोसेफ ह्यूबर्टस पिलाटेस याचा जन्म ९ डिसेंबर १८८३ रोजीं जर्मनीच्या पश्चिमेस, ऱ्हाइन नदीच्या प्रदेशांतील म्योन्शेनग्लाडबाख या कापडगिरण्यांच्या गांवीं झाला. बाप धातुकाम करणारा कारागीर, आणि फुरसतीच्या वेळीं कसरती करणारा. मुलगा मात्र अगदींच किडकिडीत निघाला. मुडदूस, दमा आणि संधिवाताचा ताप या तीन दुखण्यांनीं आपलें बालपण पोखरलें होतें, असें तो पुढें सांगत असे. यांत अतिशयोक्ति मानण्याचें कारण नाहीं. त्या काळच्या औद्योगिक गांवांत धुरानें सूर्यप्रकाश अडे, कामकऱ्यांच्या अन्नांत स्निग्धांश बेताचा असे, आणि हाडें वांकलेलीं, छाती दबलेली अशीं मुलें घरोघर दिसत. सूर्यप्रकाश आणि ड जीवनसत्त्व यांचा मुडदुसाशीं असलेला संबंध शास्त्रज्ञांना उमगला तो पहिल्या महायुद्धानंतर. तोंवर अशा मुलांच्या नशिबीं एक तर अंथरूण, नाहीं तर स्वतःच्या हट्टानें शोधलेला उपाय. पिलाटेसनें दुसरा मार्ग धरला.

हा मार्ग त्याला सुचला यांत नवल नाहीं. युरोपांत तेव्हां शरीरसंवर्धनाची लाट उसळली होती, आणि जर्मनींत तर तिचें मूळ फार मागें जातें. १८०६ सालीं येना येथें नेपोलियननें प्रशियाच्या सैन्याचा पुरता मोड केला. त्या मानहानीची आठवण ताजी असतां फ्रीडरिख लुडविग यान नांवाच्या एका शिक्षकानें १८११ मध्यें बर्लिनच्या सीमेवर हाझेनहायडे येथें उघड्या मैदानांत व्यायामशाळा काढली. समांतर दांड्यांवरील कसरत आज शाळांशाळांतून चालते, तिचें जनकत्व यानकडेच जातें. एका मास्तरानें लावलेलें हें रोपटें पाऊणशें वर्षांत गांवोगांवच्या व्यायामसंघांच्या रूपानें फोफावलें. पुढें १८६७ मध्यें कोनिग्झबर्ग येथें जन्मलेल्या यूजेन सँडोनें बळकट शरीर ही तिकीट लावून पाहण्याची वस्तु करून टाकली. तो १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानांतहि येऊन गेला. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांच्या प्रसाराचें व्रत घेण्यापूर्वीं कित्येक वर्षें सँडोच्याच पद्धतीनें व्यायाम केला होता, ही गोष्ट आपल्यापैकीं अनेकांना ठाऊक नसेल. १९०४ मध्येंच डेन्मार्कच्या म्यूलर या गृहस्थानें रोज पंधरा मिनिटांत करावयाच्या व्यायामाचें पुस्तक लिहिलें आणि तें अनेक भाषांत गेलें. पिलाटेस हा या सर्व गजबजाटांतला एक तरुण होता. कसरती, मुष्टियुद्ध, कुस्ती, शरीरशास्त्राच्या पुस्तकांतील आकृति, जें हातीं लागेल तें त्यानें आत्मसात् केलें, आणि महायुद्धापूर्वीं तो इंग्लंडांत जाऊन मुष्टियुद्ध व सर्कशींतील कामें यांवर पोट भरूं लागला.

ऑगस्ट १९१४ मध्यें युद्ध पेटलें आणि इंग्लंडांत राहणारा प्रत्येक जर्मन एका दिवसांत शत्रु ठरला. तरी आरंभीं सरसकट धरपकड झाली नाहीं. ७ मे १९१५ रोजीं जर्मन पाणबुडीनें ‘लुसिटानिया’ ही प्रवासी बोट बुडवली, अकराशेंहून अधिक माणसें समुद्रांत गेलीं, आणि मग इंग्लंडच्या शहरांतून जर्मनांच्या दुकानांवर जमाव तुटून पडले. वर्षानुवर्षें शेजाऱ्यांना पाव विकणाऱ्या पाववाल्यांच्याहि कांचा फुटल्या. त्याच महिन्यांत सरकारनें लढाईच्या वयाच्या सर्व शत्रुप्रजाजनांना स्थानबद्ध करण्याचें ठरवलें. हीच गोष्ट इकडेहि घडली. हिंदुस्थानांतील जर्मन व्यापारी, मिशनरी व खलाशी यांना आपल्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, छावणींत आणून ठेवलें होतें. नगरच्या जुन्या मंडळींच्या घरांतून त्या छावणीच्या आठवणी पुष्कळ दिवस सांगितल्या जात.

पिलाटेस ज्या छावणींत पोंचला तिचें नांव नॉकेलो. इंग्लंड व आयर्लंड यांच्यामधील समुद्रांत आइल ऑफ मॅन नांवाचें बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर पील गांवाजवळ ही छावणी नोव्हेंबर १९१४ मध्यें उघडली. प्रथम पांच हजार माणसांची सोय करावयाची होती. पुढें तेथें तेवीस हजारांवर माणसें कोंबलीं गेलीं. त्या वेळीं त्या सबंध बेटाची लोकसंख्याच पन्नास हजारांच्या आसपास होती, यावरून या लाकडी गांवाचा पसारा ध्यानीं यावा. लाकडी पडव्यांच्या रांगा, त्यांचे वेगवेगळे वाडे, आणि प्रत्येक वाड्याभोंवतीं कांटेरी तार. पावसाळी बेट, पायाखालीं चिखल, समोर डोंगर आणि बाजूला समुद्र. दोन्ही दिसत, पण दोहोंकडे जातां येत नसे. पोटाला मिळे, मारहाण नसे, सक्तीचें कामहि नसे. आणि हीच तर तेथली शिक्षा होती! कैद्याला निदान आपण केव्हां सुटणार हें ठाऊक असतें. या माणसांनीं गुन्हा केला नव्हता, म्हणून त्यांच्या शिक्षेला मुदतहि नव्हती. न्हावी, शिंपी, खानसामे, खलाशी, कारकून अशीं कामाचीं माणसें चार-चार वर्षें रिकाम्या हातांनीं बसून राहिलीं.

या बसून राहण्याचें पुढें काय झालें, हें आडोल्फ लुकास फिशर नांवाच्या स्विस डॉक्टरानें लिहून ठेवलें आहे. त्यानें युद्धकाळांत अशा छावण्या पाहिल्या आणि १९१८ मध्यें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत त्यानें या दुखण्याला ‘तारेच्या कुंपणाचा रोग’ असें नांव दिलें. माणूस चिडखोर होतो, क्षुल्लक गोष्टीवरून शेजाऱ्याशीं भांडतो, सर्वांविषयीं संशय घेतो. वाचावयास बसला तर दोन पानांपलीकडे लक्ष टिकत नाहीं. ओळखीचीं नांवें आठवत नाहींत. रात्रीं झोंप लागत नाहीं. ताप नाहीं, जखम नाहीं, पण माणूस आंतून विस्कटत जातो. डॉक्टरनें कारणेंहि नेमकीं दिलीं आहेत: सुटकेची अनिश्चितता, एकांताचा पूर्ण अभाव, आणि दीर्घकाळ तेंच तें वर्तुळ. हें वाचतांना मला वाटून गेलें कीं, अलीकडे २०२० मध्यें साथीच्या दिवसांत आपण सर्वच घरांत कोंडले गेलों होतों, तेव्हां यांतलीं कांहीं लक्षणें आपण आपल्याच घरीं पाहिलीं आहेत.

क्वेकर पंथाच्या मंडळींनीं या छावण्यांतून हस्तव्यवसाय सुरू करून दिले. जेम्स बेली नांवाच्या शिक्षकानें नॉकेलोंत सुतारकाम, कोरीवकाम, विणकाम यांच्या कार्यशाळा उभ्या केल्या. हाडांवर नक्षी कोरून माणसें फुलदाण्या करूं लागलीं. नाटकें झालीं, वर्ग निघाले, आणि व्यायामसंघहि निघाले. या वातावरणांत पिलाटेस आपल्या सोबत्यांकडून व्यायाम करवून घेत असे. मल्लयुद्धाला जागा नाहीं, साधनें नाहींत, खुराक बेताचा. अशा स्थितींत माणसानें आपल्या अंथरुणाएवढ्या जागेंत, स्वतःच्या शरीराचेंच वजन वापरून काय करावें, या प्रश्नाचें उत्तर त्याला शोधावें लागलें. जमिनीवर पडून करावयाच्या त्याच्या व्यायामांवर आजहि त्या जागेचा ठसा दिसतो. एकहि प्रकार असा नाहीं ज्याला चटईहून मोठी जागा लागते.

येथें इतिहास शिकवणाऱ्यानें थोडें थांबून दोन लोकप्रिय कथांविषयीं बोललें पाहिजे. पहिली अशी कीं, पिलाटेस छावणीच्या रुग्णालयांत परिचारकाचें काम करी आणि त्यानें खाटांच्या स्प्रिंगा काढून खाटेलाच अशा जोडल्या कीं, पडल्या पडल्या रोग्याला हातपाय ओढून व्यायाम करतां यावा. त्यांतून पुढचीं यंत्रें निघालीं. दुसरी अशी कीं, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथींत त्याच्या शिष्यांपैकीं एकहि दगावला नाहीं. दोन्ही कथा पिलाटेसच्या व त्याच्या शिष्यांच्या तोंडून पसरल्या आहेत. पहिलींत अशक्य असें कांहीं नाहीं. दुसरी मात्र मीं तरी मानत नाहीं. ती साथ पोटाचे स्नायू तपासून माणसें निवडत नव्हती. उलट ती धडधाकट तरुणांनाच विशेष घेऊन गेली, हें सर्व जगाच्या मृत्युनोंदींवरून सिद्ध आहे. गुणी माणसाच्या भोंवतीं भक्त मंडळी असा शेंदूर फांसतात, आणि मग खऱ्या गुणाकडे पाहणेंच राहून जातें. शिवाय या कथेची पिलाटेसच्या पद्धतीला गरजहि नाहीं.

१९१९ मध्यें सुटका होऊन तो जर्मनीला परतला, आणि १९२६ मध्यें अमेरिकेला गेला. बोटीवर त्याला क्लारा भेटली आणि ती जन्माची सोबतीण झाली. दोघांनीं न्यूयॉर्कमध्यें आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर ९३९ क्रमांकाच्या इमारतींत आपली व्यायामशाळा मांडली. पिलाटेस बोलायला फटकळ, हुकूम सोडणारा. क्लारा शांत, दुखणेकऱ्याला धीर देणारी. त्यांच्याकडे शिकलेल्या कित्येकांनीं लिहून ठेवलें आहे कीं, खरी शिक्षिका क्लाराच होती. पाटीवर नांव मात्र एकाचेंच राहिलें. घरोघरीं हें असेंच चालतें!

१९२७ मध्यें त्याला एका व्यायामयंत्राचें अमेरिकन पेटंट मिळालें. आजच्या व्यायामगृहांत जें पलंगासारखें यंत्र दिसतें, ज्याला ‘रिफॉर्मर’ म्हणतात, तें याच घराण्यांतलें. एक चौकट, तिच्यांत रुळांवर मागेंपुढें सरकणारी फळी, आणि ती फळी ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा. वजनाऐवजीं स्प्रिंगच कां, हें समजून घेण्यासारखें आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ मध्यें सांगितलेला नियम आपण शाळेंत पाठ केला होता कीं, स्प्रिंग जितकी ताणावी तितकें तिचें ओढणें वाढतें. दहा शेरांचें वजन उचलतांना पहिल्या क्षणालाच पुरे दहा शेर सांध्यावर येतात. स्प्रिंग आरंभीं हलकी असते आणि स्नायू कामाला लागल्यावर हळूहळू जड होते. आखडलेल्या खांद्याला किंवा गुडघ्याला ही सवलत मोलाची. दुसरें असें कीं, ताणलेली स्प्रिंग सोडून दिली तर फाडकन परत जाते. तिला आवाज न करितां, सावकाश परत पोंचवणें यालाच खरी ताकद लागते. जातांना जोर आणि येतांना संयम, असें दुहेरी काम स्नायूला पडतें. जिना उतरतांना गुडघ्यांना जें काम पडतें तें या दुसऱ्या जातीचें. म्हणून म्हाताऱ्या माणसाला चढण्यापेक्षां उतरण्याचीच धास्ती अधिक वाटते.

न्यूयॉर्कमध्यें त्याचे पहिले मोठे गिऱ्हाईक ठरले ते नर्तक. पाय मुरगळला, कंबर धरली, तर ज्यांचें पोटच बुडतें अशी ही जात. बॅलेचे आचार्य जॉर्ज बॅलनशिन आणि आधुनिक नृत्याच्या मार्था ग्रॅहम यांची मंडळी त्याच्याकडे येत. मॅसॅच्युसेट्समधील ‘जेकब्ज पिलो’ या नृत्यकेंद्रांत तो १९३९ पासून उन्हाळ्यांत शिकवीत असे. ईव्ह जेंट्री नांवाच्या नर्तकीची हकीकत मला विशेष वाटते. स्तनाच्या कर्करोगासाठीं तिची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्या काळच्या पद्धतीप्रमाणें छातीचे स्नायूहि काढून टाकीत, आणि मग त्या बाजूचा हात वर जाणें जवळजवळ संपे. पिलाटेसबरोबर तिनें महिनोगणती चिकाटीनें काम केलें आणि तिचा हात पुन्हां मोकळा चालूं लागला. तिच्या व्यायामाची फिल्म घेऊन ती डॉक्टरांना दाखवण्यांत आली. डॉक्टरांचा विश्वास बसणें कठीण गेलें; पण हात हालत होता हें खरें.

आतां प्रत्यक्ष पद्धति काय आहे तें पाहूं. पिलाटेसनें आपल्या विद्येला स्वतःचें नांव दिलेंच नव्हतें. तो तिला ‘कंट्रॉलॉजी’ म्हणे, आपण ‘नियमनविद्या’ म्हणूं. १९४५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत त्यानें चटईवर करावयाचे चौतीस व्यायाम दिले आहेत, आणि बहुतेक छायाचित्रांत तो स्वतःच उभा, आडवा किंवा उलटा दिसतो. तेव्हां त्याचें वय एकसष्टाच्या घरांत होतें. मी त्याच वयांतून गेलों असल्यामुळें तीं चित्रें पाहून मला प्रथम लाज वाटली आणि मग कुतूहल. पहिला व्यायाम ‘शतक’ नांवाचा. उताणें पडावयाचें, डोकें व खांदे उचलून नजर पोटाकडे लावावयाची, जुळवलेले पाय जमिनीपासून किंचित् वर धरावयाचे, आणि दोन्ही हात कुशींशेजारीं सरळ ठेवून खालींवर थोडेथोडे आपटल्यासारखे हालवावयाचे. पांच हेलकाव्यांपर्यंत श्वास आंत, पांचांपर्यंत बाहेर, असे शंभर. वाचायला सोपें आहे. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला पोट थरथरूं लागतें, मान दुखूं लागते, आणि आपण इतकीं वर्षें छातीच्या वरच्या टोकानेंच श्वास घेत होतों हें ध्यानांत येतें. नवशिक्यानें अर्थातच गुडघे वांकवून, वीस-तीसांवर थांबावें.

या पद्धतीचा सर्व भर धडावर, म्हणजे फांसळ्यांच्या खालच्या टोकापासून मांड्यांच्या सांध्यापर्यंतच्या भागावर आहे. आपण बळकट माणूस म्हटलें कीं दंड पाहतों. परंतु दंड ज्या खांबाला बांधलेले आहेत तो खांब डळमळत असेल तर दंडाचा काय उपयोग? पोटाच्या भिंतींत सर्वांत आंतल्या थरास एक स्नायू आहे, तो कमरपट्ट्यासारखा आडवा वेढून जातो. पाठीच्या मणक्यांना लागून दुसरे लहान लहान स्नायू आहेत. वर श्वासपटल आणि खालीं ओटीपोटाचा तळ. या चौघांनीं मिळून कण्याभोंवतीं एक पिंप तयार होतें. १९९६ मध्यें ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड विद्यापीठाच्या हॉजेस व रिचर्डसन या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, निरोगी माणूस हात उचलतो तेव्हां हातापूर्वींच पोटाचा तो आंतला स्नायू आवळला जातो. जुनी कंबरदुखी असलेल्या माणसांत मात्र तो उशिरा जागा होतो. पिलाटेसला हें सूक्ष्म ज्ञान नव्हतें. पण पोट आंत ओढून, श्वास सोडीत, कण्याचा एकेक मणका चटईवरून उचलण्याचा जो पाठ तो देत असे, त्याचा रोख नेमका याच स्नायूंवर होता.

मग लाभ किती? पिलाटेसच्या लिखाणावर विसंबलें तर जगांतील सर्व रोग, आळस आणि दुर्गुणहि या व्यायामानें पळून जावयाचे. त्या दाव्यांकडे मी लक्ष देत नाहीं. कंबरदुखीपुरतें पाहूं, कारण तीच घरोघरची तक्रार. २०१५ मध्यें कॉक्रेन संस्थेच्या परीक्षणांत दहा चांचण्या आणि त्यांतील पांचशें दहा रोगी यांचा आढावा घेतला गेला. कांहींच विशेष उपाय न करणाऱ्यांपेक्षां पिलाटेस करणाऱ्यांची वेदना आणि अडचण कमी झाली, असें त्यांत दिसलें. परंतु इतर व्यायामांपेक्षां तो श्रेष्ठ आहे असा निर्वाळा मिळाला नाहीं, आणि पुरावाहि मध्यम किंवा त्याहून हलक्या दर्जाचा निघाला. म्हणजे जो माणूस खुर्चीला चिकटला आहे त्यानें हा व्यायाम केला तर फायदा आहे. जो नियमानें दुसरा चांगला व्यायाम करतो त्यानें तो सोडून इकडे धांवत येण्याचें कारण नाहीं. लवचिकपणा वाढणें, पोटाचे स्नायू सशक्त होणें, उभ्याउभ्या तोल राखतां येणें, हे लाभ मात्र नियमित करणाऱ्यांत दिसून येतात. उतारवयांत तोल ही केवढी दौलत आहे, हें न्हाणीघरांत घसरून मांडीचें हाड मोडून घेतलेल्या माणसाला विचारावें.

एक इशारा येथेंच दिला पाहिजे. ज्यांचीं हाडें ठिसूळ झालीं आहेत, विशेषतः वयस्क स्त्रियांनीं, पाठीचा कणा पुढें गोल करून उठण्याचे आणि चेंडूसारखें मागेंपुढें लोळण्याचे प्रकार करूं नयेत. अशा दाबानें ठिसूळ मणका चिरडला जाऊं शकतो. चौतीसच्या चौतीस व्यायाम सर्वांसाठीं नाहींत. डॉक्टरांस विचारल्यावांचून साठीनंतर ‘रोलिंग’च्या वाटेस जाऊं नये.

मनाच्या लाभाविषयीं बोलणें अधिक कठीण आहे, कारण मन काट्यावर घालून तोलतां येत नाहीं. पण मला या पद्धतींतील सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो, आणि त्याचें कारण माझ्या स्वतःच्या चुकींत आहे. मीं शाळेंत पुष्कळ वर्षें कवायतीचा तास घेतला. रांग सरळ असावी, गणवेश पांढरा असावा, ‘एक-दोन-तीन-चार’ खणखणीत असावें, एवढेंच मीं पाहिलें. मुलें हात वर करीत तेव्हां त्यांचे डोळे कुंपणापलीकडच्या बोरीवर असत. शरीर हजर आणि मन गैरहजर. आणि हजेरीपट मात्र भरलेला. एकाहि मुलाला ‘हात उचलतांना तुझ्या पाठींत काय होतें तें पाहा’ असें मीं कधीं म्हटलें नाहीं. मला स्वतःलाच तें ठाऊक नव्हतें.

पिलाटेसचा सगळा हट्ट या एका गोष्टीसाठीं होता. दहा वेळां उरकण्यापेक्षां तीन वेळां लक्ष देऊन करा, असें त्याचें सांगणें. कोणताहि व्यायाम फार वेळां करावयाचा नाहीं, कारण त्यापुढें मन निघून जातें आणि शरीर ओझ्याच्या बैलासारखें एकटेंच चालतें. श्वास, नजर, बोटांचीं टोकें, मणके या सर्वांवर एकाच वेळीं ध्यान ठेवावयाचें म्हटलें कीं, बँकेचा हप्ता, मुलाचें परदेशांतलें पत्र, शेजाऱ्याशीं झालेली बोलाचाली यांना तेवढा वेळ जागाच उरत नाहीं. फिशर डॉक्टरनें छावणींतल्या माणसांचें जें एक नुकसान नोंदलें तें हेंच कीं, त्यांचें लक्ष एका जागीं राहीनासें झालें. त्याच तारेआड बसलेल्या माणसानें लक्ष एका जागीं ठेवण्याचीच विद्या रचावी, याला मी योगायोग म्हणत नाहीं. तेथें माणसाच्या मालकीचें दुसरें कांहीं उरलें नव्हतें. दार त्याच्या हातीं नव्हतें, जेवणाची वेळ त्याच्या हातीं नव्हती, घरीं जाण्याची तारीख त्याच्या हातीं नव्हती; आपला श्वास आणि आपला कणा एवढे दोन विषय त्याच्या हुकमतींत होते.

हें ऐकून योगाचे अभ्यासक म्हणतील कीं, यांत नवें तें काय? साम्य आहे, तें नाकारूं नये. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ मध्यें कैवल्यधाम स्थापून आसनें व प्राणायाम यांची प्रयोगशाळेंत परीक्षा सुरू केली. त्यानंतर दोनच वर्षांनीं पिलाटेस न्यूयॉर्कला आपलें दुकान मांडीत होता. दोघांनाहि श्वास आणि कणा यांचें महत्त्व पटलें होतें. तथापि आसन हें स्थिर राहण्यासाठीं आहे, आणि पिलाटेसचा व्यायाम एका हालचालींतून दुसरींत वाहत जाण्यासाठीं. शिवाय एकाचें अंतिम लक्ष्य चित्तवृत्तींचा निरोध, तर दुसऱ्याचें लक्ष्य चांगलें चालणें, बसणें, उठणें. साम्य दिसलें कीं लगेच ‘आमचेंच त्यांनीं नेलें’ असें म्हणण्याची आपल्याला जी संवय लागली आहे ती मला आवडत नाहीं. शरीराची रचना म्योन्शेनग्लाडबाखला आणि लोणावळ्याला एकच आहे. तिचीं मर्में दोन ठिकाणीं दोन माणसांना सांपडावीं यांत अशक्य काय?

पिलाटेसची अखेर सुखाची झाली नाहीं. वैद्यकशास्त्रानें आपल्याकडे लक्ष दिलें नाहीं हें शल्य त्याला शेवटपर्यंत टोंचत राहिलें. १९६६ मध्यें आठव्या अ‍ॅव्हेन्यूवरील त्या इमारतीला आग लागली, आणि ऑक्टोबर १९६७ मध्यें, चौऱ्याऐंशीवें वर्ष पुरें होण्यास दोन महिने असतां, फुफ्फुसांच्या विकारानें तो वारला. सर्व जगाला पूर्ण श्वास सोडण्यास शिकवणाऱ्या या माणसाला चिरुटाचें व्यसन होतें! त्याच्यामागें क्लारानें शाळा चालवली. पुढें रोमाना क्रिझानोव्स्का, कॅथी ग्रँट, लोलिता सान मिगेल, रॉन फ्लेचर या शिष्यांनीं ती विद्या अमेरिकेंत आणि बाहेर नेली. त्यांच्यांतहि गुरूचा खरा वारस कोण यावरून मतभेद झाले, जसे आपल्याकडे गवयांच्या घराण्यांत होतात.

शेवटीं नांवावरून खटला झाला. ‘पिलाटेस’ हा शब्द आपल्या मालकीचा आहे, इतरांनीं तो वापरूं नये, असा एका पक्षाचा दावा होता. ऑक्टोबर २००० मध्यें न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयानें तो फेटाळला: योग किंवा कराटे यांप्रमाणें हेंहि एका व्यायामपद्धतीचें सामान्य नांव आहे, तें कोणा एकाची मालमत्ता होऊं शकत नाहीं. या निकालामुळें तो शब्द मोकळा झाला आणि पुढच्या पंचवीस वर्षांत आमच्या पिठाच्या गिरणीच्या जागेपर्यंत येऊन पोंचला. मात्र त्याच निकालामुळें ती पाटी कोणालाहि लावतां येते. म्हणून आमच्या शेजारच्या वहिनींनीं जेव्हां मला विचारलें, “मास्तर, जाऊं का मी तेथें?” तेव्हां मीं त्यांना इतकेंच सांगितलें कीं, पहिल्या दिवशीं यंत्रावर बसूं नका, शिकवणाऱ्या बाईंना विचारा कीं, तुम्ही हें कोणाकडे, किती दिवस शिकलांत, आणि माझ्या हाडांचा तपासणीचा कागद तुम्ही पाहणार आहांत कीं नाहीं. त्या बाईंनीं कागद मागून घेतला, नीट वाचला, आणि वहिनींना लोळण्याचे प्रकार वर्ज्य केले. आतां वहिनी आठवड्यांतून तीन दिवस जातात.